मनाच्या आजारावर एकात्मिक उपाय

(विद्यापीठाच्या शिवार फेरीनिमित्त भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



सकाळपासून आपण बोंडअळी, तुरीवरील मर आणि जमिनीतील ओलावा या विषयांवरची भाषणे ऐकली. मी स्वतः वनस्पती रोगशास्त्राचा माणूस. तेव्हा हा मनुष्य मनाच्या आजाराबद्दल काय सांगणार, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. मी डॉक्टर नाही, हे प्रथमच सांगतो. परंतु हा आजार माझ्या घरात येऊन गेला आणि तो ओळखण्यात मी चुकलो. तीच चूक आपल्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी मी येथे उभा आहे.

गोष्ट २००६ च्या खरिपातली. माझे थोरले बंधू गावी कोरडवाहू कपाशी आणि तूर करतात. दसऱ्याच्या सुमारास वहिनींचा फोन आला, "भाऊजी, यांना रात्र रात्र झोप नाही. जेवण निम्म्यावर आलं. वेचणी तोंडावर आली तरी मजूर सांगितले नाहीत. एकदा येऊन जा."

मी गेलो. आधी शेतात गेलो. कपाशीची पाने लाल पडलेली. मी पाने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणालो, "दादा, हा लाल्या आहे. मॅग्नेशियम सल्फेट फवारा." दादा बांधावर बसून होते. ते म्हणाले, "मला आता काही जमत नाही रे." त्यावर मी म्हणालो, "एवढं काय मनाला लावून घेता? नेटाने कामाला लागा." पानाचा रोग मी पाहिला, पण भावाच्या तोंडाकडे पाहिले नाही.

पुढचे दोन महिने कोणी 'बाहेरचे' आहे म्हणाले, कोणी नवस सांगितला, कोणी टॉनिक दिले. मार्गशीर्षात एका रात्री दादा वहिनींना म्हणाले, "माझ्यामागं पोरांचं बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना जिल्ह्याच्या गावी मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासून त्यांनी सांगितले, की हे नैराश्य आहे, हा आजार आहे आणि तो बरा होतो.

एका कारणाचा आजार नाही

लाल्या ही विकृती आहे हे आपण जाणता. तिच्यामागे एकच कीड किंवा एकच बुरशी नसते. नत्राची कमतरता, मॅग्नेशियमची कमतरता, तुडतुड्यांचा उपद्रव, पाण्याचा ताण, रात्रीच्या तापमानात झालेली घट, यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की पान लाल होते. म्हणून एकाच फवारणीने काम भागत नाही.

मनाचेही तसेच आहे. काहींच्या घराण्यातच हा आजार असतो. काहींना कर्ज, नापिकी, मुलीच्या लग्नाची चिंता किंवा घरातील मृत्यू यांचा धक्का बसतो. काहींना दारू, तर काहींना दीर्घ दुखणे कारणीभूत होते. बहुतेक वेळा यांतील अनेक गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणून उपायही एकात्मिक हवा. औषध, बोलणे, काम, घरच्यांची साथ आणि श्रद्धा या प्रत्येकाची जागा वेगळी आहे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

ओळखावे कसे?

दुःख सर्वांनाच होते. परंतु पुढील लक्षणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ, जवळजवळ रोज दिसत असतील तर तो आजार समजावा :

१) सतत उदास वाटणे, आवडीच्या कामातही मन न लागणे.
२) झोप न येणे, पहाटेच जाग येणे किंवा फार झोप येणे.
३) भूक आणि वजन कमी होणे.
४) काम न करताही अंग गळून जाणे, डोके जड राहणे.
५) साधा निर्णयही न घेता येणे, 'मी कुचकामी आहे' असे वाटणे.
६) मरणाचे विचार येणे, निरवानिरवीची भाषा करणे.

यातील शेवटचे लक्षण दिसले तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

औषध

मानसोपचार म्हटले की लोकांना येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय आठवते. प्रत्यक्षात नैराश्याचे बहुतेक रुग्ण घरी राहूनच बरे होतात. केंद्र शासनाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे.

गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून गोळ्या टाकून देणारे पुष्कळ असतात. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने त्या घ्याव्या लागतात. त्या एकदम बंद केल्या तर त्रास होतो. नैराश्याच्या या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. मात्र झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत, त्यांची सवय लागते.

आयुर्वेदिक काढा किंवा भस्म चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. झाडपाल्याचे औषध निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. आपल्यापैकी काहींना सर्पगंधा ठाऊक असेल. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ साली या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर होणारा गुण प्रसिद्ध केला. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ते जगभर वापरले गेले. परंतु ते घेणाऱ्या काही रुग्णांत उदासी आल्याच्या नोंदीही झाल्या. मुळी गुणाची खरी, पण तिचे प्रमाण आणि परिणाम जाणणाराच ती देऊ शकतो.

बोलणे आणि काम

गोळीने झोप येते, भूक लागते, परंतु मनातली गाठ बोलल्याशिवाय सुटत नाही. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तेव्हा औषध आणि समुपदेशन दोन्ही एकत्र दिल्यास गुण अधिक येतो. समुपदेशक डॉक्टरच असला पाहिजे असे नाही. गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी निम्म्या रुग्णांशी ६ ते ८ बैठकांत बोलायचे होते. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी शंभरात ६४ जणांचा आजार उतरला होता, तर केवळ केंद्रातील नेहमीचे उपचार मिळालेल्यांत तो ३९ जणांचा उतरला होता.

या बैठकांचे सूत्र साधे होते. मन लागेल तेव्हा काम करू, असे म्हणून बसू नये. लहानसे काम ठरवावे आणि मन नसले तरी ते करावे. करता करता मन हळूहळू मागून येते. आमच्या दादांनाही डॉक्टरांनी असेच सांगितले होते. पहिल्या आठवड्यात फक्त बैलांना पाणी दाखवायचे. दुसऱ्या आठवड्यात बांधावरून एक फेरी मारायची. तिसऱ्यात एका माणसाशी जाऊन बोलायचे. 'नेटाने कामाला लागा' हा माझा उपदेश आणि डॉक्टरांचा हा सल्ला यांत फार अंतर आहे. मी डोंगर दाखवला होता, त्यांनी पायरी दाखवली.

रोजचे चालणे, ठरावीक वेळी झोपणे आणि जमेल तसा प्राणायाम यांनीही मदत होते. परंतु ती औषधाला जोड आहे. दारूने मात्र झोपही बिघडते आणि आजारही वाढतो.

देवधर्माचे काय?

मी स्वतः श्रद्धाळू माणूस आहे. भजनाला बसलेला माणूस चार लोकांत असतो, आणि एकटेपणा कमी होणे हाही उपचाराचा भाग आहे. देवाला जाण्यास डॉक्टरांची हरकत नसते. उपचार थांबवून जाण्यास असते.

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्गा आहे. तेथे २००८ पासून 'दवा आणि दुआ' असा कार्यक्रम चालू झाला. मुजावरांना आजाराची लक्षणे शिकवण्यात आली. ते दुआ करतात आणि रुग्णाला डॉक्टरांकडेही पाठवतात. याच्या उलट उदाहरण तमिळनाडूतील एरवाडीचे. तेथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

घरच्यांनी काय करावे?

१) उपदेश कमी करावा, ऐकून घ्यावे. 'तुमच्यापेक्षा इतरांचे हाल जास्त आहेत' असे म्हणू नये.
२) मरणाचे विचार येतात का, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने विचार बळावत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो.
३) अशा माणसाला एकटे ठेवू नये. घरात कीटकनाशक साठवू नये. फवारणीपुरतेच आणावे आणि ते दुसऱ्या जबाबदार माणसाच्या ताब्यात असावे. केवळ कुलपावर विसंबू नये. श्रीलंकेत १८० गावांत कुलपाच्या पेट्यांचा मोठा प्रयोग झाला, परंतु २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत त्यांचा उपयोग दिसला नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्या निम्म्यावर आल्या.
४) काही विपरीत घडलेच तर पोलिसांच्या भीतीने लपवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य आहे.
५) शासनाची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. घरच्यांनीही फोन करण्यास हरकत नाही.

गावाने काय करावे?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन आजाराची माहिती दिली, रुग्णांना धीर दिला आणि गरज असेल त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवले. आधी नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी चार-पाचच मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीसवर गेले. म्हणजे गावाने ठरवले तर फरक पडतो. परंतु त्र्याहत्तर जण अजूनही बाहेर होते, हेही विसरून चालणार नाही.

आपण विचाराल, कर्जाचे काय? कर्जावरची गोळी कोणत्याच डॉक्टरकडे नाही. पीक विमा, बाजारभाव आणि बँक हे प्रश्न त्यांच्या त्यांच्या जागी सोडवावेच लागतील. परंतु आजारी मनाला ते सोडवता येत नाहीत. दादांनी बँकेची पाकिटे तीन महिने फोडली नव्हती. औषध सुरू झाल्यावर दीड महिन्याने त्यांनी ती स्वतः फोडली आणि मला म्हणाले, "चल, साहेबांना भेटून हप्ते पाडून घेऊ." कर्ज तेवढेच होते. ते फेडायला चार वर्षे लागली. पण ते फेडायला दादा होते.

बंधू-भगिनींनो, आता आपण प्रदर्शन पाहाल, बियाणे घ्याल आणि घरी जाल. उद्या सकाळी पिकाची पाने जरूर पाहा. परंतु त्याआधी घरातल्या आणि शेजारच्या माणसांच्या तोंडाकडे पाहा. कोणी गप्प झाले असेल तर जवळ बसून विचारा, "झोप लागते का?" आमच्या घरात हा प्रश्न दोन महिने उशिरा विचारला गेला. आपल्या घरात तो वेळेवर विचारला जावा, एवढीच विनंती.