जिवाणूंचे जिवाणूंशी युद्ध

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत रात्री उरलेला भात पाण्यात भिजत घालावा आणि सकाळी मीठ, कांदा व हिरवी मिरची यांच्याबरोबर तो खावा, अशी जुनी रीत आहे. या न्याहरीला छत्तीसगढात 'बासी' म्हणतात. १ मे २०२२ रोजी, कामगारदिनी, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीच ती खाण्याचे आवाहन केले आणि कष्टकऱ्याच्या या घासाला मान मिळाला. आम्हा रायपूरकर मराठी मंडळींना तिचे नवल वाटत नाही; विरजणाशी आमची ओळख जुनीच आहे.

भाताला रात्रीतून आंबूस चव येते ती मुख्यतः दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंमुळे. त्या भांड्यात अनेक जातींचे जिवाणू एकाच अन्नावर टपलेले असतात. आम्ल हे दुग्धाम्ल-जिवाणूंचे पहिले शस्त्र. या कुळातील काही जातींजवळ मात्र दुसरे, अधिक नेमके शस्त्र असते. अमिनो आम्लांच्या लहानशा साखळ्या, म्हणजे पेप्टाइडे, तयार करून त्या आपल्या प्रतिस्पर्ध्यांचा नाश करतात.

एक जिवाणू दुसऱ्याला असा मारतो, हे १९२५ साली बेल्जियममधील आंद्रे ग्राशिया यांनी दाखवून दिले. दुधातील जिवाणूंपासून मिळणाऱ्या एका लहान पेप्टाइडाला १९४७ साली इंग्लंडमध्ये 'निसिन' हे नाव मिळाले. त्यात अमिनो आम्लांचे अवघे ३४ दुवे आहेत.

एवढेसे निसिन शत्रूला मारते तरी कसे? जिवाणूभोवती एक भिंत असते आणि भिंतीच्या आत एक पातळ पटल असते. भिंतीच्या विटा आत घडतात. त्या पटलापलीकडे पोचविण्याचे काम 'लिपिड दोन' नावाचा रेणू करतो. निसिन नेमके या हमालालाच पकडते. विटा येईनाशा होतात आणि भिंतीचे बांधकाम थांबते. एवढ्यावर न थांबता, त्याच हमालाच्या आधाराने अनेक निसिन-रेणू एकत्र येऊन पटलाला भोके पाडतात. आतील क्षार व शक्ती गळून जाते आणि जिवाणू मरतो. आपल्या पेशींना अशी भिंतही नाही आणि हा हमालही नाही. म्हणून निसिनचा रोख आपल्यावर नसतो.

मग निसिन बनविणारा स्वतः कसा वाचतो? त्याने आपली ढाल आधीच तयार ठेवलेली असते. पटलावरील एक प्रथिन परत फिरलेले निसिन धरून ठेवते आणि दुसरी यंत्रणा ते बाहेर फेकते.

आपल्या आतड्यांत राहणाऱ्या काही जिवाणूंची रीत याहून कपटी आहे. लोह हे जिवाणूंना दुर्मिळ धन. 'मायक्रोसिन' नावाची काही पेप्टाइडे लोहवाहकाचे सोंग घेतात, आणि शत्रू त्यांना आपण होऊन दार उघडतो. वरातीच्या मिषाने पुण्यात शिरलेल्या मावळ्यांची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

यावरून बासी हे औषध आहे, असे कोणी समजू नये. पाणी वा भांडे अस्वच्छ असेल तर तीच बासी बाधते. निसिनलाही मर्यादा आहेत. ज्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यांच्यावर एकट्या निसिनचा प्रभाव फारसा पडत नाही. शिवाय ते आपल्या पचनरसांत मोडते. अन्न टिकविण्यासाठी मात्र ते उपयोगी आहे. चीज व डबाबंद पदार्थांसाठी त्याला १९६९ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

त्या जादा आवरणाच्या जिवाणूंना मारणारे एक पेप्टाइड मातीतील जिवाणू बनवतात. त्याचे नाव कोलिस्टिन. इतर औषधे हरली म्हणजे डॉक्टर नाइलाजाने त्याच्याकडे वळतात, कारण ते मूत्रपिंडांना अपाय करू शकते. असे राखीव अस्त्र कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात मिसळले जात होते! त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, हे २०१५ साली चीनमध्ये उघड झाले. २०१९ साली भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिनचा वापर बंद केला.

श्रोतेहो, ढाल घडविण्याची कला जिवाणूंना आपल्या फार पूर्वीपासून अवगत आहे. आपण औषध जितके उधळू, तितकी ती ढाल पसरते. म्हणून साध्या सर्दीपडशाला प्रतिजैविक मागू नये, आणि डॉक्टरांनी दिलेच तर ते सांगितल्याप्रमाणेच घ्यावे. निसर्गाने घडविलेली ही शस्त्रे पुढच्या पिढीच्या हाती धारदार राहावीत, एवढे तरी आपल्या हाती आहे.