आमच्या कीर्तीचे पंधरा दिवस

(हिंगणा येथे मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'समाजजीवनात संगीताचे स्थान' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली आहे. संगीताचे स्थान सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु संगीतामुळे मनुष्य स्वतःचे स्थान कसे विसरतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

गेल्या कार्तिकात येथील भजनात आम्ही एक अभंग म्हटला. एका तरुणाने तो मोबाइलवर चित्रित करून सर्वत्र धाडला. दोनच दिवसांत बाजारातील भाजीवाला आमच्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेईना. सीताबर्डीच्या बसमध्ये एका अपरिचित गृहस्थाने उठून आम्हांस जागा दिली. ती आमच्या पांढऱ्या केसांना मिळाली असावी, अशी शंकाही आमच्या मनास शिवली नाही.

आम्ही गळ्याभोवती मफलर गुंडाळला, ताक वर्ज्य केले आणि घरात खुणांनी बोलू लागलो. सौभाग्यवतींनी दळण आणावयास सांगितले, तेव्हा आम्ही उत्तरलो, "आम्हांस आवाज जपावा लागतो."

"अहो, दळण सायकलवर आणायचं असतं, गळ्यात अडकवून नाही," असे त्या म्हणाल्या.

येथवर हसण्यासारखे आहे. पुढचे तसे नाही. आमचा एक बालमित्र तीस वर्षे आमच्या भजनास मृदंगाची साथ करीत आला आहे. तालमीच्या वेळी चारचौघांत आम्ही त्यास म्हणालो, "तुझी लय आता आमच्या गाण्यास पुरत नाही." तो काही बोलला नाही. मृदंगावर खोळ चढवून घरी गेला.

पुढील भजनास आम्ही नवा वादक बसविला. मुलगा तयारीचा होता. परंतु दुसऱ्याच चरणास आम्हांस शब्द आठवेनात, आणि तो आपला वाजवीत पुढे गेला. शेवटी समोरच्या बायकांनीच अभंग पुरा केला. तेव्हा उलगडा झाला. चित्रफितीतील ज्या विरामाची लोकांनी वाहवा केली, तो आमचा विसर होता! मित्राने चार आवर्तने अधिक वाजवून तो झाकला होता. त्या चित्रफितीत त्याचे केवळ कोपर दिसते.

नारायण श्रीपाद राजहंस यांस 1898 मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, लोकमान्यांनी 'बालगंधर्व' म्हणून गौरविले, असे सांगतात. पुढे अवघा महाराष्ट्र त्यांच्या गाण्यावर लुब्ध झाला, तरी ते प्रेक्षकांस 'मायबाप' म्हणूनच हात जोडीत. आपल्या विदर्भाचे तुकडोजी महाराज खंजिरीवर सहस्रावधी लोकांस डोलवीत आणि भजनात स्वतःस 'तुकड्यादास' म्हणवीत. आम्हांस मात्र एका कोथिंबिरीच्या जुडीने चढली!

दुसऱ्या दिवशी आम्ही मित्राच्या दारी गेलो. क्षमेचे वाक्य पाठ केले होते, तेही विसरलो. तो म्हणाला, "बस. ताक घेतोस?" आम्ही दोन पेले घेतले.

तरुणांनो, गाणाऱ्याचे चित्र अवश्य घ्या. परंतु साथ करणाऱ्याचे मुखही त्यात येऊ द्या. आता भजनास आरंभ होईल. आमचा मित्र उजव्या हातास बसला आहे. मध्येच मृदंग जरा लांबला, तर टाळ्या त्यास द्याव्यात, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.