ओळख देणारा आणि ओळख मागणारा

‘आपण कोण?’ हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. उपनिषदांतल्या ऋषींनी तो स्वतःला विचारला आणि गावच्या वेशीवरील जागल्याने तो अपरात्री येणाऱ्या वाटसरूला विचारला. ऋषीला उत्तर शोधायला एक आयुष्य पुरत नसे. वाटसरूचे मात्र गावातल्या कुणा भल्या माणसाचे नाव सांगितले की भागत असे. आज तेच उत्तर कागदाने द्यावे लागते. आधारचे बारा आकडे आणि पॅनची दहा अक्षरे-अंक हेच आपले लौकिक आत्मज्ञान होऊन बसले आहे.

मी स्वतः सरकारी सेवक आहे. कागद मागणे हा आमच्या व्यवसायाचा नित्यधर्मच असल्यामुळे त्याविरुद्ध तक्रार करायला मी येथे बसलेलो नाही. राज्यव्यवहाराला ओळख लागतेच. मला बोलायचे आहे ते ओळख मागणाराविषयी.

चंडीगढ शहराची आखणी ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाने केली. तेथे वस्त्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. त्यांतील सेक्टर ३२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे आणि गोस्वामी गणेश दत्त सनातन धर्म महाविद्यालयही आहे. अशा विद्यालयांच्या आसपास परगावची मुले खोल्या घेऊन राहतात. त्यांत आपल्याकडचा एक तरुण आहे असे समजा. घरमालकाने त्याच्या आधारची छायाप्रत घेतली. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदविण्याचा दंडक त्या शहरात आहे. यात मुलाला वावगे वाटत नाही. घरमालकाचा चेहरा त्याला ठाऊक आहे, दार ठाऊक आहे, आणि कागद कशासाठी घेतला हेही ठाऊक आहे.

आता हाच मुलगा फावल्या वेळात चार पैसे मिळवावेत म्हणून संगणकावरचे सुटे काम शोधतो. मराठी उत्तम येते. तेव्हा भाषांतर करावे, ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवून द्यावा. मोबाईलवर निरोप येतो : आधारच्या दोन्ही बाजू पाठवा, पॅन पाठवा, रद्द केलेला धनादेश पाठवा आणि कार्ड हातात धरून काढलेले छायाचित्रही पाठवा. काम अजून दाखविलेले नाही, मोबदला ठरलेला नाही. विचारणारी संस्था कोठली, तिचा जबाबदार माणूस कोण, तिचे कार्यालय कोणत्या गावात, याचा पत्ता नाही. जो ओळख मागतो, तोच अनोळखी! जागल्याने तोंडावर फडके बांधून वाटसरूची झडती घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

हा प्रश्न एकट्या-दुकट्याचा नाही. नीती आयोगाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, २०२०-२१ साली देशात असे सुटे काम करणारे ७७ लाख लोक असावेत आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा अंदाज आहे.

आधार क्रमांकाचे पहिले वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाले. ज्याच्यापाशी दाखवायला कोणताच कागद नाही, अशा गरिबाला ओळख मिळावी हा त्यामागचा एक प्रमुख हेतू सांगितला गेला. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, पुट्टस्वामी खटल्यात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०१८ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाने आधारची योजना उचलून धरली. पण केवळ खाजगी कराराच्या आधारावर कंपन्यांना आधारची पडताळणी करू देणारी तरतूद रद्द ठरविली. २०१९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने आधार दाखविण्याची वाट ठेवली. स्वेच्छेने, हा शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावा.

मग द्यावे काय? पैसे देणाऱ्याला करकपातीसाठी पॅन लागते; ते नसेल तर कर चढ्या दराने कापला जातो. पैसे जमा करायला बँकेच्या खात्याचा क्रमांक लागतो. या दोन मागण्या समजण्यासारख्या आहेत, पण त्याही काम ठरल्यानंतरच्या. संपूर्ण आधार क्रमांकाची गरज सहसा नसते. शेवटचे चारच आकडे दिसतील असा झाकलेला आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येतो. आधारवरील क्यूआर चिन्ह वाचून त्याचा खरेपणा तपासता येतो. त्यासाठी प्रत ठेवून घ्यावी लागत नाही. दाखविणे आणि देणे या दोन क्रियांत केवढे अंतर आहे! दाखविलेला कागद आपल्याबरोबर घरी परत येतो. दिलेला कागद कोणाच्या नावाने कोठे हिंडेल, कोणते कर्ज काढील, कोणते सिमकार्ड विकत घेईल, हे आपल्याला पुढे कधीतरी कळते. म्हणून द्यावीच लागली तर प्रतीवर आडवे लिहावे : कोणाला, कशासाठी, कोणत्या तारखेस. आपल्या नावावर किती मोबाईल जोडण्या आहेत हे ‘संचार साथी’वर पाहता येते, आणि आपल्या कर्जांचा तपशील प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

२७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने, आधारची छायाप्रत कोणाही संस्थेला देऊ नका, असा इशारा काढला होता. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत तो मागे घेण्यात आला आणि लोकांनी नेहमीचा विवेक बाळगावा, असे सांगण्यात आले. सल्ला योग्यच आहे. पण विवेक बाळगायला नकार देण्याची ऐपत लागते. ज्याच्या खोलीचे भाडे थकले आहे, त्याने ‘नाही’ म्हटले तर काम त्याच्या मागे रांगेत उभा असलेल्या दुसऱ्याला मिळते. अशा वेळी त्याच्या संमतीला स्वेच्छा म्हणणे हे शब्दाशी द्रोह करणे होय.

म्हणून सावधगिरीचा सगळा भार गरजवंताच्या डोक्यावर टाकून आपण मोकळे होऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने योग्य दिशा दाखविली आहे : माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा, हवी तेवढीच घ्या, काम सरले की पुसून टाका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य बंधने अमलात यायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. पण सभ्यतेला मुदतीची वाट पाहावी लागत नाही. काम देणाऱ्याने प्रथम आपले नाव, आपला पत्ता आणि आपले प्रयोजन सांगावे. मग समोरच्याचे विचारावे. आपल्या घरी येणारा पाहुणासुद्धा दाराबाहेरून आधी आपले नाव सांगतो, आणि मगच आपण कडी काढतो.