वाघाच्या मावशीला कच्चं चिकन द्यावं का?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय मांजरप्रेमींसाठी आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आमची चिंगी दोन महिन्यांची असताना बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सापडली. त्याच सुमारास माझ्या फोनवर सारखे रील्स यायला लागले, मांजराला कच्चं मांस देण्याचे. मुद्दा पटण्यासारखा होता. मांजर म्हणजे वाघाची मावशी, वाघ कधी कुकर लावतो का? झालं! मी रोज चिकनवाल्या काकांकडून पाव किलो बोनलेस आणायला लागले. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे आईने अट घातली की ते चिकन किचनमध्ये येणार नाही. मग बाल्कनीत वेगळी सुरी, वेगळा पाट. चिंगी मात्र तुटून पडायची. केस चकचकीत, पोट गोल. मी खूश.

पाच महिन्यांची झाली आणि तिने खिडकीवर उडी मारणं बंद केलं. मला वाटलं, आळशी झाली. मग मागचा पाय ओढत चालायला लागली. उचललं की ओरडायची. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि विचारलं, “खायला काय देता?”

“चिकन. बोनलेस.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

एक्स-रेमध्ये तिची हाडं जवळजवळ दिसतच नव्हती, इतकी पातळ. मागच्या पायाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर होतं, आणि ती कुठूनही पडलेली नव्हती.

हे का झालं, ते नीट ऐका, कारण आजचा सगळा एपिसोड यावरच आहे. मांजर पक्की मांसाहारी आहे, हे शंभर टक्के खरं. पण बाहेरची मांजर उंदीर खाते तेव्हा ती नुसतं मांस खात नाही. हाडं, काळीज, हृदय, रक्त, सगळंच पोटात जातं. आपण देतो तो फक्त मांसाचा तुकडा. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. फॉस्फरस कॅल्शियमच्या किमान पंधरा-वीस पट असतो. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. वाढत्या पिल्लाची हाडं अशीच पोकळ होतात. आणि हे कच्च्या चिकनने होतं तसंच नुसत्या उकडलेल्या चिकननेही होतं.

मग लोक म्हणतात, काळीज देऊ. द्या, पण थोडं. त्यात व्हिटॅमिन ए खूप असतं. रोज काळीजच दिलं तर काही महिन्यांत मान आणि पाठीचे मणके एकमेकांना जुळून आखडतात. कच्चे मासे? काही माशांमध्ये थायमिनेज असतं, ते व्हिटॅमिन बी-वन नष्ट करतं. मग मांजर झोकांड्या खाते, फिट्स येतात. मासे शिजवले की थायमिनेज निकामी होतं.

तिसरी गोष्ट टॉरिन. आपलं शरीर टॉरिन तयार करतं, मांजराचं पुरेसं करत नाही. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं, आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतं. गंमत म्हणजे ती मांजरं पाकिटातलंच खाणं खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. म्हणजे चूक पाकिटवाल्यांचीही झाली होती, पण मोजमाप केलं म्हणून ती सापडली. माझ्या बाल्कनीत मोजमाप कोण करत होतं?

आता जंतूंकडे येऊ. साल्मोनेला तुम्हाला माहीत असेल. मांजराला तो बाधला नाही तरी तिच्या विष्ठेतून, तिच्या वाटीतून, आपल्या पाटावरून घरात फिरतो. घरात लहान बाळ, आजी-आजोबा किंवा गरोदर बाई असेल तर जास्तच जपायला हवं. “मी फ्रीझ करून देते” असं बऱ्याच जणी सांगतात. फ्रीझरमध्ये साल्मोनेला मरत नाही, झोपतो.

आणि बर्ड फ्लू. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेत ओरेगॉन राज्यात घरातच राहणारी एक मांजर बर्ड फ्लूने गेली. तिला पाकिटातलं कच्चं, फ्रोझन टर्कीचं खाणं दिलं होतं, आणि त्या खाण्यातला आणि मांजरातला व्हायरस एकच निघाला. लांबची गोष्ट वाटते ना? त्याच महिन्यात आपल्या नागपूरला गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच-फाइव्ह-एन-वनने दगावले. चिकनमधून आला असावा, असा संशय होता. पुढच्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तो सापडला. रीलमधलं ते वाक्य मला तेव्हा आठवलं. कच्चं चिकन वाघालाही झेपतंच असं नाही, तर मावशीचं काय! नीट शिजवलं की हा व्हायरस मरतो.

मग द्यायचं काय? पाकिटाच्या मागे ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलंय का बघा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते रोजचं जेवण नाही. पिल्लाला पिल्लाचंच खाणं द्या. कच्च्या मांसवाल्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. मांजर पाणी कमी पिते आणि कोरड्या दाण्यांत पाणी नसतं. त्यासाठी वेट फूड द्या. चिकन द्यायची हौस असेल तर शिजवून, बिनमिठाचं, कांदा-लसूण न घालता, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणीही वाटीत घाला. शिजलेली हाडं अजिबात नको, ती टोकदार तुटतात. आणि संपूर्ण घरचंच जेवण द्यायचं असेल तर व्हेटकडून रेसिपी लिहून घ्या, सप्लिमेंटसकट. अंदाजपंचे नको.

बदल एकदम करू नका. आठ-दहा दिवस जुन्यात नवीन मिसळत जा. मांजर रुसली तर “भूक लागली की खाईल” म्हणून बसू नका. दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशी मांजराच्या लिव्हरवर फार लवकर परिणाम होतो.

चिंगीला सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवावं लागलं. उडी नाही, धावणं नाही, फक्त पिल्लांचं खाणं. हाड जुळलं. पाठ अजून किंचित वाकडी आहे आणि ती तशीच राहणार. मी तिला उपाशी ठेवलं नव्हतं, सगळं लाडानेच केलं होतं. म्हणून तर सांगतेय.

तुमच्या मित्रमंडळींत कुणी पिल्लाला नुसतं चिकन देत असेल, तर हा एपिसोड त्यांना आजच पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर मनीमाऊला माझ्याकडून एक गोंजारणं!