समुद्रकांठचा उन्हाळी मुक्काम

वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे पडेगांवांत भर दुपारीं रस्त्यावर चिटपाखरूं दिसत नाहीं. छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादकडे जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव आतां शहराचाच एक भाग झालें आहे; परंतु भोंवतालच्या उघड्या टेकड्या आणि अंगाला चटका देणारा वारा हीं मात्र पूर्वीचींच आहेत. अशा दिवसांत पूर्वी मंडळी मुलांना घेऊन आजोळीं जात. फार तर म्हैसमाळच्या पठारावर दोन दिवस काढून येत. आतां परीक्षा संपली कीं घरोघर समुद्राचें नांव निघतें. गणपतीपुळे, तारकर्ली, नाहीं तर गोवा! एका रात्रीचा प्रवास केला म्हणजे खिडकीसमोर समुद्र असलेली हॉटेलांतील खोली मिळते. श्रोतेहो, या मुक्कामांतलें सुख कशांत आहे आणि धोका कोठें आहे, याचा थोडा विचार निघण्यापूर्वींच केलेला बरा.

विश्रांतीसाठीं समुद्रकांठीं जाऊन राहणें ही कल्पना महाराष्ट्रांत जुनी नव्हे. पर्वणीस सिंधुस्नान करावें आणि घरीं परतावें, एवढाच घाटावरील माणसाचा समुद्राशीं संबंध असे. कोळ्याला तर समुद्र म्हणजे त्याचें शेतच. युरोपांतहि अठराव्या शतकांत रिचर्ड रसेल नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें समुद्रस्नानाची औषध म्हणून शिफारस केली, तेव्हांपासून ब्रायटनसारखीं गांवें भरभराटीस आलीं. हिंदुस्थानांतील इंग्रज मात्र उन्हाळ्यांत समुद्राकडे पाठ फिरवून महाबळेश्वर आणि माथेरान गांठीत. शस्त्रक्रियेनंतर शक्ति भरून यावी म्हणून महात्मा गांधी १९२४ सालीं जुहूस समुद्रकांठीं राहिले होते. पण असा मुक्काम तेव्हां अपवादच होता. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ सालीं कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धांवूं लागली, आणि सामान्य गृहस्थालाहि समुद्र जवळ आला.

पडेगांवचा गृहस्थ हॉटेलांत पाऊल टाकतो तेव्हां त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, "खोलींत कूलर नाहीं का हो?" घरीं पारा चाळीस अंशांवर गेलेला, येथें तो तेहतीस-चौतिसावरच; तरी सदरा पाठीला चिकटतो. कारण साधें आहे. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी. तेथें घाम झटकन वाळतो आणि वाळतांना अंगाची उष्णता घेऊन जातो. माठांतलें पाणी गार होतें आणि वाळ्याच्या पडद्यांतून थंड झुळूक येते, ती याच न्यायानें. समुद्रकांठच्या हवेंत बाष्प आधींच भरलेलें; मग घामानें वाळावें कसें? तेथला खरा पंखा म्हणजे खारा वारा. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतें. दुपारीं जमिनीवरची तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची हवा धांवून येते. रात्रीं जमीन आधीं निवते आणि वारा उलट वाहूं लागतो. त्याला मतलई म्हणतात. हें ज्याला ठाऊक आहे तो दुपारीं खोलीचीं दारें लावून कुढत बसत नाहीं. समुद्राकडच्या व्हरांड्यांत खुर्ची टाकतो.

परंतु घामानें माणूस फार तर त्रासतो. खरा धोका पाण्यांत आहे. विहिरींत उडी टाकून पोहावयास शिकलेल्या माणसाला पाण्याची भीति उरत नाहीं, आणि समुद्रावर तेंच त्याला घातक होतें. विहिरीचें पाणी जागचें हालत नाहीं. नदीचें वाहतें, पण एकाच दिशेनें. समुद्राचें पाणी येतांना दिसतें, परत जातांना दिसत नाहीं. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेलें पाणी माघारीं जाण्यास वाट शोधतें, आणि वाळूंत जेथें खोलगट घळ पडली असेल तेथून ओढ्यासारखें आंत धांवतें. त्या घळीवर पाणी खोल असल्यामुळें लाटा कमी फुटतात, फेसहि कमी दिसतो. दोहों बाजूंस उसळत्या लाटा आणि मध्यें एक सपाट, निवांत पट्टा! घाटावरून आलेला बाप मुलांना लाटांचा मार लागूं नये म्हणून नेमका तोच पट्टा निवडतो. हॉटेलांत चहा आणून देणारा मुलगा पुष्कळदां तेथल्याच कोळीवाड्यांतला असतो. तो म्हणतो, "काका, शांत दिसतं तेच पाणी वाईट. तिथं नका उतरू." काकांना वाटतें, कालचें पोर आपल्याला पोहणें शिकवितें! पण त्या पोराच्या घरच्या दोन-चार पिढ्यांनीं तो किनारा पाहिलेला असतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. महिना पावसाळ्याचा नव्हता. सहल एका दिवसाची होती. चौदा घरांना शोक मात्र जन्माचा झाला.

म्हणून कांहीं गोष्टी मुलांना प्रवासास निघण्यापूर्वींच सांगून ठेवाव्यात. ओढ माणसाला खालीं नेत नाहीं, आंत समुद्राकडे नेते. तिच्याशीं समोरासमोर झुंजणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्याचाहि दम तुटतो, आणि दम तुटला म्हणजे तो बुडतो. ओढ फारशी रुंद नसते. सांपडलेल्यानें घाबरून न जातां तरंगत राहावें, हात उंच करून मदत मागावी, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावें आणि मग लाटांच्या साह्यानें परतावें. कांठावरच्यानें मायेपोटीं मागोमाग उडी घालूं नये. दोर, हवा भरलेली ट्यूब, झांकण घट्ट लावलेला रिकामा डबा, जें तरंगेल तें फेंकावें आणि जीवरक्षकास हांक मारावी. लाल निशाण असेल तेथें पाण्यांत उतरूंच नये. मेच्या अखेरीस तर समुद्र खवळूं लागतो. जूनच्या आरंभीं यांत्रिक नौकाहि मासेमारी थांबवून किनाऱ्यास लागतात. ज्यांचें पोट समुद्रावर आहे ते जेथें थांबतात, तेथें पाहुण्यानें धाडस दाखविण्यांत शहाणपण नाहीं.

भरतीची वेळ कळण्यास एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. त्या दिवशीं सुमारें तीन वाजतां, दुपारीं तशीच पहांटेहि, भरती पूर्ण होते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. त्यानंतर साधारण सव्वासहा तास ओहोटी चालते, आणि तीच वेळ पाण्यांत न उतरण्याची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतें, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. मुंबईजवळच्या किनाऱ्यास हा हिशेब बराच जुळतो. दक्षिणेकडे वेळ कांहींशी अगोदर येते, म्हणून हॉटेलांत विचारून घ्यावें. ज्यांनीं लहानपणीं पाऊणकी घोकली आणि पुढें ती कोठेंच कामास आली नाहीं, त्यांना येथें तरी तिचा उपयोग होईल!

मुक्काम संपतो. पिशवींत शिंपले आणि चपलांत वाळू घेऊन मंडळी पडेगांवीं परततात. एखाद्या संध्याकाळीं धाकटा मुलगा भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभा राहून बोटें मोजतो आणि स्वयंपाकघराकडे पाहून ओरडतो, "आई, आज सप्तमी. आतां सव्वापांच वाजले. तिकडे भरती पुरी झाली असेल!" शिंपले वर्षभरांत हरवतील. ही ओळख मात्र राहील, आणि पुढल्या खेपेस तोच आपल्या बापाला हात धरून त्या निवांत पट्ट्यापासून दूर नेईल.