चार्टरहाउसचे दार



एखाद्या संस्थेने आपली प्राचीन वास्तू लोकांना खुली करावी, ही कल्पना ऐकावयास सुखद वाटते. परंतु त्या वास्तूत माणसे राहत असतील तर? लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय संस्थेपुढे हाच पेच होता. जानेवारी २०१७ मध्ये तिने आपले दार सर्वसामान्यांसाठी उघडले, तेव्हा आत चाळीसहून अधिक वृद्ध वास्तव्यास होते.

या भूमीचा इतिहास मृत्यूपासून सुरू होतो. १३४८ साली प्लेगने लंडन ग्रासले आणि गावकुसाबाहेरच्या या मोकळ्या जागेत मृतांना मूठमाती दिली गेली. १३७१ मध्ये तेथे कार्थुसियन मठ उभा राहिला. तेथील साधू एकांतात आणि बव्हंशी मौनात राहत. आठव्या हेन्रीचे धर्मसत्तेवरील प्रभुत्व त्यांनी नाकारले आणि १५३५ मध्ये मठाधिपती जॉन हॉटन यांना देहदंड झाला. पुढे मठाचा सरदारी प्रासाद झाला. राज्यावर आलेली पहिली एलिझाबेथ १५५८ साली लंडनला आली, तेव्हा काही दिवस येथेच उतरली होती.

१६११ मध्ये टॉमस सटन यांनी तेरा हजार पौंडांना ही वास्तू विकत घेतली. कोळसा आणि सावकारी यांवर अमाप धन मिळवलेले हे गृहस्थ. त्या धनातून ऐंशी निर्धन वृद्धांसाठी आश्रय आणि चाळीस मुलांसाठी शाळा, अशी दुहेरी योजना त्यांनी केली. वार्धक्य आणि बाल्य एकाच आवारात नांदावे, ही योजना कोणत्याही शिक्षणतज्ज्ञाला हेवा वाटावी अशीच. १८७२ मध्ये शाळा गोडालमिंगला गेली; वृद्ध मागे राहिले.

कलकत्त्यात जन्मलेले कादंबरीकार थॅकरे या शाळेचे विद्यार्थी. ‘द न्यूकम्स’ या कादंबरीतील कर्नल न्यूकम हिंदुस्थानात नोकरी करून परततो, बँक बुडाल्याने निष्कांचन होतो आणि अखेर अशाच आश्रमात येऊन राहतो. मरणसमयी घंटा वाजताच शाळकरी पोराप्रमाणे तो हजेरी देतो. रोज हजेरीपट उघडणाऱ्यांना हा प्रसंग सहसा विसरता येत नाही.

आता मूळ पेचाकडे. लंडनच्या वस्तुसंग्रहालयाच्या साहाय्याने तेथे एक लहान, विनामूल्य संग्रहालय मांडण्यात आले. २०१३ मध्ये रेल्वेच्या खोदकामात जवळच प्लेगबळींचे सांगाडे सापडले होते. त्यांच्या दातांत त्या रोगाच्या जिवाणूंचे अंश मिळाले. त्यांपैकी एक सांगाडा संग्रहालयात आहे. शाळकरी मुलांसाठी स्वतंत्र अध्ययनकक्षही केला गेला. परंतु रहिवाशांच्या खोल्यांपाशी पाहुण्याचे पाऊल थांबते, आणि ते थांबावयासच हवे. जगणारी माणसे काही प्रदर्शनातील वस्तू नव्हेत. मात्र त्यांना आडोशाला ठेवून केवळ दगडी भिंती दाखवल्या असत्या, तर ते दार अर्धेच उघडले असते. संस्थेने काढलेली वाट अधिक शहाणपणाची: काही रहिवासी स्वतःच पाहुण्यांना वास्तू दाखवतात. सांगणारा तेथेच राहतो, तेथील भोजनगृहात जेवतो. त्यामुळे त्याच्या तोंडी सनावळीसुद्धा घरच्या गोष्टीसारखी होते.

या रहिवाशांना ‘ब्रदर’ म्हणतात. अलीकडे स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला आहे. त्यांनाही ‘ब्रदर’च म्हणतात.