सामना संपल्यावरचा सामना

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



“गणपतीसमोर व्याख्यान, आणि विषय फुटबॉल?” अशी कुजबुज मघाशी कानावर आली. दुसऱ्या गावात ही शंका चालली असती, गोव्यात नाही. इथे चवथीची माटोळी बांधता बांधता वरचा माणूस अर्जेंटिनाचा निघतो आणि खालून नारळ देणारा ब्राझीलचा. आणि लोकमान्यांनी १८९३ सालापासून हा उत्सव सार्वजनिक केला, तो लोकांनी एकत्र यावे, ऐकावे आणि बोलावे म्हणूनच. तेव्हा आज बोलू या, ते सामना संपल्यावर आपण जो सामना खेळतो त्याविषयी.

वाद घालण्यात आपण मराठी माणसे मुळातच तयार. पानिपत १७६१ साली झाले. त्याची चर्चा अजून मिटलेली नाही. भाऊसाहेबांनी होळकरांचा गनिमी काव्याचा सल्ला ऐकायला हवा होता का? यात्रेकरू आणि बायकामुले बरोबर घ्यायला नको होती का? इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर भिस्त ठेवून ‘गोल’ बांधून लढणे योग्य होते का? गंमत पाहा, तिथेही शब्द गोलच! ज्यांचे पूर्वज त्या लढाईत होते आणि ज्यांचे नव्हते, ते सगळेच या प्रश्नावर सेनापती होतात.

आता कतारमधल्या लुसैलला चला. १८ डिसेंबर २०२२, विश्वचषकाचा अंतिम सामना, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला. मध्यरात्रीपर्यंत किती घरांत जेवणे खोळंबली, हे इथल्या गृहिणी सांगतील. या सामन्यातल्या तीन निर्णयांवर अजून वाद चालू आहे. ते एकेक करून पाहू.

पहिला निर्णय अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांचा. आंहेल दी मारिया एरवी उजवीकडे खेळणारा. वय चौतीस, दुखापतीमुळे त्या स्पर्धेच्या बाद फेरीत जवळजवळ बाहेरच. स्कालोनींनी त्याला थेट अंतिम सामन्यात उतरवला, तोही डावीकडे. फ्रान्सची ती बाजू बावरली. डेम्बेलेने त्याला पाडले, तेविसाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टी मारली. छत्तिसाव्या मिनिटाला अर्जेंटिनाने चार-पाच झटपट पासांत मैदान कापले आणि शेवटचा फटका दी मारियाचाच. २-०. पहिल्या अर्धात फ्रान्सला गोलाच्या दिशेने एकही फटका मारता आला नाही.

दुसरा निर्णय फ्रान्सच्या देशाँ यांचा. मध्यंतराची वाट न पाहता एकेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी जिरू आणि डेम्बेले यांना बाहेर बोलावले. जिरू म्हणजे नुकताच फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झालेला. त्यांच्या जागी तुराम आणि कोलो मुआनी आले. एकाहत्तराव्या मिनिटाला ग्रिझमनही बाहेर. त्या क्षणी कोणीही म्हणाले असते, यांचे डोके फिरले आहे.

तिसरा निर्णय पुन्हा स्कालोनींचा. चौसष्टाव्या मिनिटाला त्यांनी दी मारियाला काढून आकुन्या या बचावाकडे झुकणाऱ्या खेळाडूला आणले. पुढे काय झाले ते आपण पाहिले. कोलो मुआनीला ओतामेंदीने पाडले, ऐंशीव्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी आत. मग कोमाँने मेस्सीच्याच पायातला चेंडू काढून घेतला आणि एम्बापेने तो हवेतून जाळ्यात मारला. ९७ सेकंदांत दोन गोल. २-२.

इथे वादाला तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो, “दी मारियाला काढले आणि तिथेच घात झाला. तो होता तोवर फ्रान्सचा तो कोपरा घाबरून मागे होता.” दुसरा पक्ष म्हणतो, “अहो, चौतिशीचा माणूस, दुखापतीतून उठलेला, तासभर पळालेला. थकला असता तर त्याच बाजूने फ्रान्स आत घुसले असते.” मला विचाराल तर दुसऱ्यांचे कारण मजबूत आहे, पण पहिल्यांचा एक मुद्दा खोडता येत नाही. थकलेल्याला काढणे वेगळे आणि त्याच्या जागी बचावाचा माणूस घालणे वेगळे. पुढे धोका उरला नाही की समोरचा संघ निर्धास्तपणे वर चढतो. वाद घालायचा तर या फरकावर घालावा.

जादा वेळात १०८व्या मिनिटाला मेस्सीचा गोल, ११८व्या मिनिटाला एम्बापेची आणखी एक पेनल्टी. ३-३. आणि अगदी शेवटी कोलो मुआनी गोलरक्षकासमोर एकटा. मार्टिनेझने डावा पाय लांबवला आणि चेंडू अडला. मग पेनल्टी शूटआउट. कोमाँची अडली, चुआमेनीची बाहेर गेली, मोंतिएलची आत बसली. ४-२, अर्जेंटिना जगज्जेता. हा मोंतिएल म्हणजे थोड्या वेळापूर्वी ज्याच्या हाताला चेंडू लागून फ्रान्सला पेनल्टी मिळाली होती तोच.

आता माझा मुद्दा. मार्टिनेझचा तो पाय वीतभर कमी पडला असता, तर चषक फ्रान्सला मिळाला असता. मग देशाँ महान डावपेची ठरले असते आणि स्कालोनी “जिंकलेला सामना घालवणारा” म्हणून कायमचे बदनाम झाले असते. पण चौसष्टाव्या मिनिटाचा निर्णय तर तोच होता ना? शेवटच्या क्षणाचा पाय चौसष्टाव्या मिनिटाला शहाणा किंवा वेडा कसा ठरवणार? निर्णय तोलायचा तो त्या वेळी जे दिसत होते, जे ठाऊक होते त्यावरून. निकाल कळल्यावर सुचलेले शहाणपण सर्वांत स्वस्त असते.

म्हणजे सगळे नशीबच का? तेही नाही. मार्टिनेझने चुआमेनीची वेळ आल्यावर चेंडू दूर फेकून दिला, त्याला चालायला लावले, त्याचे मन विचलित केले. कोणी त्याला चतुराई म्हणतो, कोणी पोरकटपणा. पुढच्या वर्षी नियम करणाऱ्यांनी पेनल्टीचा नियमच कडक केला, की गोलरक्षकाने मारणाऱ्याचे लक्ष गैररीतीने विचलित करू नये. प्रेक्षकांच्या वादात जो प्रश्न होता, तोच अखेर नियमपुस्तकात गेला. चर्चा वाया जात नाही, ती याप्रमाणे.

पण चर्चा आणि चिखलफेक यांत एक रेघ आहे. त्या रात्रीनंतर फ्रान्सच्या पेनल्टी चुकवणाऱ्या खेळाडूंना त्यांच्या वर्णावरून गलिच्छ शिव्या पडल्या. त्याहून भयंकर १९९४ साली घडले. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून विश्वचषकात स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला. मायदेशी परतल्यावर मेडेलिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारले. खेळाचे एवढे वेड कामाचे नाही.

हे दूरदेशीचे म्हणून सोडू नका. २० डिसेंबर २०१५ची फातोर्ड्याची रात्र आठवा. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, आपलेच मैदान, समोर चेन्नईयिन. सामना संपत आला तेव्हा एफसी गोवा २-१ने पुढे होता. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत दोन गोल झाले आणि चषक चेन्नईला गेला. त्यातला एक आपल्याच गोलरक्षकाच्या नावावर स्वयंगोल म्हणून लागला. त्यानंतर नाक्यानाक्यावर काय बोलले गेले, ते इथे उच्चारण्यासारखे नाही. स्कालोनींना समजून घेणारे आपण, आपल्या मैदानावरच्या पोराला मात्र एका चेंडूने मोजतो. गोलरक्षकाचे काम मोठे विचित्र. ऐंशी मिनिटे अडवलेले कोणी मोजत नाही, एक सुटलेला सगळे मोजतात. सारा देश गाजवणारे ब्रह्मानंद शंखवाळकर याच मातीतले गोलरक्षक. निदान गोव्याने तरी हे विसरू नये.

आणि उद्या सकाळी गावच्या मैदानावर बारा वर्षांची मुले खेळतील. बाहेर बाबा, काका, मामा उभे असतील. मुलगा चुकला की रेषेबाहेरून जे ओरडले जाते, ते तो घरी घेऊन जातो. पुढच्या वेळी तो चेंडू मागायलाच घाबरतो. कोल्हापुरातही पेठापेठांचे, तालमींचे संघ ईर्षेने खेळतात. ईर्षा हवीच. तिच्यावाचून मैदान रिकामे पडेल.

म्हणून वाद बंद करा असे मी मुळीच सांगणार नाही. तीन गोष्टी तेवढ्या पाळू या. “का काढले?” विचारताना “न काढता काय झाले असते?” हेही विचारू. निर्णयावर बोलू, माणसाच्या आईबापावर, रंगावर, गावावर नाही. आणि चुकलेल्या पोराला त्या दिवशी फक्त जेवायला वाढू. डावपेच दुसऱ्या दिवशी सांगू.

वेळ संपल्याची खूण अध्यक्ष करीत आहेत. जादा वेळ मी मागत नाही. मागच्या रांगेतले अर्जेंटिनावाले केव्हाचे हात वर करून बसले आहेत, त्यांना बोलू द्या. बाहेर चहा तयार आहे, दी मारियाचा निकाल तिथे लावू.

गणपती बाप्पा मोरया!